पोसणे आणि पाळणे

मराठीतल्या 'पाळणे' या क्रियापदाचे मला फार दिवसांपासून कौतुक वाटत आले आहे. आपण गाय पाळतो, कुत्रा पाळतो, आणि त्याच तोंडाने शब्द पाळतो, पथ्य पाळतो, वेळ पाळतो. जनावर सांभाळणे आणि दिलेले वचन सांभाळणे या दोन गोष्टींना आपल्या भाषेने एकच शब्द का बरे लावावा? 'पोसणे' हा शब्द हाताशी होताच की! पण वचन कोणी पोसत नाही आणि पथ्यही कोणी पोसत नाही. पोसण्याचा संबंध पोटाशी आहे. पाळण्याचा संबंध कशाशी आहे, याचा विचार करण्याची वेळ माझ्यावर आली ती मात्र उतारवयात, आणि तीही आठ माशांमुळे.

वणीसारख्या गावात घरी मासे पाळणे हा आता काही नवलाचा विषय राहिलेला नाही. दवाखान्यात, कापडाच्या दुकानात, बँकेतून निवृत्त झालेल्या गृहस्थांच्या दिवाणखान्यात काचेची पेटी आणि तिच्यातला निळा दिवा हटकून दिसतो. आमच्याकडे ती आली नातीच्या हट्टापायी. दोन फूट लांब, फूटभर रुंद, फूटभर उंच, म्हणजे काठोकाठ भरली तर सुमारे छप्पन लिटरची. नात शाळेत जाते, मुलगा-सून नोकरीवर जातात. राहिला कोण, तर पेन्शनीतला मास्तर. तेव्हा सहा गप्पी आणि दोन मोली यांचे पालकत्व ओघानेच माझ्याकडे आले.

एकदा भर मे महिन्यातल्या दुपारी पेटीच्या बाहेरून ओले फडके लावीत मी उभा होतो. शेजारचे गृहस्थ दारात आले आणि क्षणभर पाहून म्हणाले, "गुरुजी, माशासाठी एवढं काय करून राह्यले? मेला तं दुसरा आना. तीस रुपयाचा तं येते!"

गृहस्थ निर्दय नाहीत. उन्हाळ्यात दारापुढे पाण्याची रांजणी भरून ठेवणारा माणूस तो! शिवाय त्यांचे म्हणणे हिशेबाला चुकीचे नव्हते. आणि म्हणूनच मला त्याचे उत्तर पटकन देता येईना. ज्याची किंमत तीस रुपये, त्याच्याविषयीचे कर्तव्यही तीस रुपयांचेच का? किमतीवर कर्तव्य ठरत असेल, तर फुकट मिळालेल्या मांजराच्या पिल्लाविषयी आपले कर्तव्य शून्य म्हणावे लागेल. तसे आपण मानीत नाही. मग माशाच्या बाबतीतच आपल्याला किंमत का आठवावी?

याचे एक कारण उघड आहे. माशाला आवाज नाही. गाय हंबरते, कुत्रे केकाटते, पोपट पिंजरा डोक्यावर घेतो. मासा गुदमरत असला तरी त्याचा आवाज शेजारच्या खोलीत जात नाही. बहुतेक माशांना पापण्याही नाहीत. त्यामुळे तो झोपला की जागा आहे, सुखात आहे की मरणाच्या दारात, हे चेहऱ्यावरून कळण्याची सोय नाही. जो तक्रार करीत नाही त्याला दुःखच नाही, अशी आपली एक सोयीची समजूत असते. घरातल्या अबोल माणसांच्या बाबतीतही आपण नेमके हेच करतो, नाही का?

माशाला वेदना होतात की नाही, याविषयी शास्त्रज्ञांत पुष्कळ वाद झाला आहे आणि तो पुरता मिटलेला नाही. परंतु २००३ साली ब्रिटनमध्ये लिन स्नेडन या बाईंनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी ट्राउट जातीच्या माशांच्या ओठांत मधमाशीचे विष किंवा आम्ल टोचून पाहिले. ते मासे अन्नाकडे फिरकेनात आणि त्यांतले काही तळाच्या खड्यांवर ओठ घासू लागले. वेदनाशामक औषध दिल्यावर हे वागणे कमी झाले. यावरून माशाच्या मनात काय चालते ते कळत नाही, हे खरे. पण शंकेचा फायदा द्यायचाच झाला, तर तो काचेच्या आतल्याला द्यावा की बाहेरच्याला? मला तरी त्यात संशय वाटत नाही.

आता पोसणे आणि पाळणे यांच्यातला फरक पाहू. घरात मासे आले की पहिले आठ दिवस घरातल्या प्रत्येकाला एकच सेवा सुचते, ती खाऊ घालण्याची. सकाळी आजी चिमूटभर टाकते, दुपारी नात टाकते, संध्याकाळी पाहुणा आला की त्याला गंमत दाखवायची म्हणून पुन्हा एक चिमूट पडते. मासे वर धावत येतात आणि आपल्याला वाटते, काय बिचारे भुकेले होते! वस्तुतः गप्पीला दिवसातून एक-दोनदा, मिनिटा-दोन मिनिटांत संपेल एवढेच अन्न पुरते. उरलेले तळाशी जाऊन कुजते. कुजलेल्या अन्नातून अमोनिया निघतो. माशाच्या कल्ल्यांतून आणि विष्ठेतूनही तो निघतच असतो. नदीत तो वाहून जातो. पेटीतून तो जाणार कुठे? पाणी दिसते स्वच्छ, आरशासारखे, आणि मासा मात्र त्यातच भाजून निघत असतो. घरातल्या पेट्यांत उपासमारीपेक्षा असल्या लाडाचे बळी अधिक पडतात.

हा लाड कोणासाठी असतो? मासा वर धावला की आनंद आपल्याला होतो. म्हणजे चिमूट पाण्यात पडते आणि पोट भरते आपले! कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याच्या नावावर असलेल्या 'मानसोल्लास' या बाराव्या शतकातल्या संस्कृत ग्रंथात 'मत्स्यविनोद' नावाचे प्रकरण आहे. माशांच्या जाती कोणत्या, त्यांना कसले खाद्य घालून वाढवावे, याचा त्यात बारकाईने विचार आहे. आणि हे सारे कशासाठी, तर राजाला गळ टाकण्याचा विनोद करता यावा म्हणून. राजाने मासे पोसले होते यात वाद नाही. त्याने ते पाळले होते, असे म्हणायला मात्र जीभ धजत नाही.

पाळणे सुरू होते ते पाण्यापासून. मासे पाळणारा माणूस खरे म्हणजे मासे पाळीतच नाही. तो पाणी पाळतो, मासे आपले आपण जगतात. हे पाणी जिवंत असावे लागते. खड्यांवर, गाळणीच्या स्पंजावर दोन प्रकारचे सूक्ष्म जंतू हळूहळू वस्ती करतात. पहिले अमोनियाचे नायट्राइट करतात. पण तेही विषच, रक्ताची प्राणवायू वाहून नेण्याची शक्ती हिरावून घेणारे. दुसरे त्या नायट्राइटचे नायट्रेट करतात, आणि ते बरेच सौम्य असते. ही वस्ती बसायला साधारण चार ते सहा आठवडे लागतात. तोवर पेटीत एकदम डझनभर मासे आणून सोडणे म्हणजे विहीर खणण्याआधी वऱ्हाडाला आवतण देण्यासारखे आहे. दुकानातून पेटी आणि मासे एकाच रिक्षातून घरी येतात आणि आठवड्याभरात मासे उलटे होतात. मग आपण म्हणतो, "मासे कच्चे होते." मासे कच्चे नसतात, पाणी कच्चे असते.

आणि आता दिवाळीचा विषय निघालाच आहे, तर घरच्या मंडळींची क्षमा मागून एक गोष्ट सांगतो. दसरा उलटला की आपल्याकडे झाडूला आणि फडक्याला उधाण येते. माळ्यावरची भांडी खाली येतात, भिंतींना रंग लागतो, आणि कोणाची तरी नजर माशांच्या पेटीवर जाते. मासे बादलीत, पाणी मोरीत, खडे साबणाच्या पाण्यात, काच लख्ख! मग नळाचे ताजे पाणी भरून मासे परत. दोन दिवसांत, ऐन लक्ष्मीपूजनाच्या सुमारास, एकेक मासा वर तरंगू लागतो. घर स्वच्छ झालेले असते, पण त्या न दिसणाऱ्या जंतूंची वस्ती साबणाने धुऊन गेलेली असते. शिवाय नळाच्या पाण्यातला क्लोरिन कल्ल्यांना जाळतो तो वेगळाच. पाणी एक दिवस उघड्या भांड्यात ठेवले, किंवा पूर्वी फोटोग्राफर ज्याला 'हायपो' म्हणत त्या सोडियम थायोसल्फेटचे थेंब त्यात टाकले, म्हणजे क्लोरिन जातो. बदलायचे ते आठवड्याला चौथाई पाणी, सगळे कधीच नव्हे. आणि स्पंज धुवायचा तो पेटीतून काढलेल्या पाण्यातच. खोलीला रंग लावायचा असेल तर पेटी आधी दुसऱ्या खोलीत न्यावी, कारण हवेचा पंप खोलीतली हवाच पाण्यात ढकलीत असतो, मग तिच्यात रंगाचा वास असो की डासांच्या औषधाचा धूर. फटाक्यांचा दणका काचेतून पाण्यात उतरतो. आणि फराळाला आलेल्या बाळगोपाळांना आधीच प्रेमाने सांगून ठेवावे, की मासे चिवडा खात नाहीत.

या गोष्टी सांगण्यात माझा हेतू गृहोपयोगी सूचना देण्याचा नाही. मला दिसते ते असे, की माशाचे हित कशात आहे हे आपल्या चांगल्या मनाला आपोआप कळत नाही. भरपूर खाऊ घालावे असे चांगल्या मनालाच वाटते, लख्ख धुवावे असेही त्यालाच वाटते. तेव्हा केवळ माया असून भागत नाही. दुसऱ्याचा जीव कसा चालतो हे समजून घेण्याचे कष्ट हाही कर्तव्याचाच भाग आहे, कदाचित पहिला भाग. "माझा जीव होता हो त्यांच्यावर!" हे वाक्य खरे असूनही अपुरे पडू शकते.

पुन्हा गाव गावाचे पाणी वेगळे. आमच्या वणीच्या परिसरात जमिनीखाली कोळसा आहे तसा चुनखडीचा दगडही आहे, आणि विंधणविहिरीचे पाणी इतके जड की भांड्यांवर पांढरी पुटे चढतात. मऊ पाण्यात वाढलेले नाजूक मासे येथे आणून कुढवण्यात काय पुरुषार्थ? गप्पी आणि मोली यांना जड पाणीच मानवते. गप्पी तर आपल्याकडे डासांच्या अळ्या खाण्यासाठी विहिरींत आणि टाक्यांत मुद्दाम सोडलेला, सोशिक मासा. पाहुणा निवडताना आपल्या घरचे पाणी आधी पाहावे, हे सोयरीक जुळवणाऱ्या मंडळींना मी सांगायला नको!

उन्हाळ्याची गोष्ट तर विचारूच नका. वैशाखात येथे पारा ४५ अंशांच्या आसपास घिरट्या घालतो. पाणी तापले की त्यातला प्राणवायू कमी होतो. २० अंशांना एका लिटरात सुमारे ९ मिलिग्रॅम मावतो, तोच ३० अंशांना साडेसातच. म्हणजे गरज वाढते त्याच वेळी पुरवठा आटतो, आणि अमोनियाचे विष उष्णतेने अधिकच तिखट होते. त्यातच वीज गेली की पंप बंद. अशा वेळी पेटीला ओले फडके लावावे, उन्हापासून दूर ठेवावी, बंद बाटलीत थंड पाणी भरून ती हळूच तरंगत सोडावी, तांब्याने पाणी वरून खाली ओतीत राहावे. हे करताना माणूस थोडा वेडगळ दिसतो, हे मला मान्य आहे.

आजाराचेही तेच. माशाच्या अंगावर मिठाच्या कणांसारखे पांढरे ठिपके दिसू लागतात. तो एक सूक्ष्म परजीवी असतो, कातडीच्या आत शिरून बसलेला. तेथे औषध पोचत नाही. पिकला की तो गळून तळाशी जातो, एकाचे शेकडो होतात, आणि ते नवा मासा शोधीत पाण्यात पोहू लागतात. औषध लागू पडते ते फक्त तेव्हा. म्हणून ठिपके गेले की रोग गेला असे नव्हे. डोळ्यांना समाधान मिळाल्यानंतरही काही दिवस उपचार चालू ठेवावे लागतात. पाळण्याची खरी परीक्षा तेथेच होते. पाहण्यासारखे काही उरले नसताना.

वाचकहो, आता दोन आक्षेप घेतो. ते मी स्वतःलाच घेतले आहेत, आणि दोन्ही हलके नाहीत.

पहिला आक्षेप असा: तुमच्या गावात वर्धेचे मासे बाजारात विकायला येतात आणि लोक ते कालवण करून खातात. एका माशाला फोडणी आणि दुसऱ्याला ओले फडके, हा कुठला न्याय? मासे खावे की खाऊ नये, हा प्रश्न मोठा आहे आणि तो ज्याने त्याने सोडवायचा आहे. पेटीतल्या माशांची सेवा करून त्यातून सुटका मिळत नाही. परंतु पेटीतल्या माशाचे माझ्यावर जे ऋण आहे ते केवळ तो मासा आहे म्हणून नव्हे. मी त्याचे बाकीचे सगळे मार्ग बंद केले म्हणून आहे. नदीतला मासा पाणी तापले तर डोहात उतरतो, विष आले तर पळतो, भूक लागली तर शोधतो. पेटीतल्या माशाचा डोह मी, प्रवाह मी, पाऊस मी. त्याचे सर्व स्वातंत्र्य मी काढून घेतले, तेव्हा त्याच्या सर्व गरजा माझ्याकडे आल्या. तो कधी मला वचन माग म्हणून आला नव्हता. काचेत पाणी भरले तेव्हाच मी ते देऊन बसलो होतो.

दुसरा आक्षेप अधिक बोचरा आहे. ज्या यवतमाळ जिल्ह्याचे नाव कापूस पिकवणाऱ्यांच्या आत्महत्यांमुळे देशभर गेले, जेथे उन्हाळ्यात कित्येक वाड्या-वस्त्यांवर बाया हंड्यासाठी पायपीट करतात, तेथे माशांचे लाड करणे शोभते का? याला मी असे उत्तर देणार नाही, की माशांची काळजी घेणारा माणूस माणसांशीही दयाळू होतो. तसा नियम नाही. मासे उत्तम सांभाळून मोलकरणीचा पगार कापणारी घरे असू शकतात. आणि लेकराच्या तोंडचे पाणी की पेटीचे पाणी, अशी निवड खरोखर आली तर तेथे विचार करायलाही थांबू नये. पण या आक्षेपातून निघते काय? ज्याला पाणी देता येत नाही त्याने मासा आणू नये, एवढेच निघते. आणून मग उपेक्षा करावी, असे निघत नाही. आठवड्याला चौदा-पंधरा लिटर पाणी बदलावे लागते. ते आमच्याकडे तुळशीला आणि जास्वंदीला जाते, कारण त्यातले नायट्रेट हे झाडाचे खत आहे. ज्या घरी हेही जड जाईल, त्या घरी पेटी नसणे हीच माशांवरची दया. उलट माझ्या भागातल्या शेतकऱ्याकडूनच हे शिकावे. पोळ्याच्या आदल्या दिवशी तो बैलाचे खांदे शेकतो, दुसऱ्या दिवशी त्याच्या मानेवर जू ठेवीत नाही. पीक बुडाले त्या वर्षीही खांदशेकणी चुकत नाही. बैल त्याला राबून देतो, हे खरे. मासा आपल्याला काहीच देत नाही, फक्त दिसतो. म्हणून त्याच्या बाबतीत हिशेबाचा आधारही आपल्याला उरत नाही, केवळ शब्दाचा उरतो.

कंटाळा आला की मासे निर्गुडेत सोडून 'मुक्त' करणारेही भेटतात. त्यात मुक्ती कोणाची होते? पेटीत जन्मलेला रंगीत मासा बहुधा बगळ्याचा घास होतो. आणि जगला तर अधिकच वाईट. काच चाटून स्वच्छ करतो म्हणून हौसेने आणलेला परदेशी सकर मासा देशातल्या कित्येक नद्या-तलावांत असाच सुटून पसरला आहे आणि तेथल्या माशांच्या आणि कोळ्यांच्या जाळ्यांच्या मुळावर उठला आहे. सोडून देणे आणि टाकून देणे यांत अंतर आहे.

कायद्याने हे होईल का? इटलीतील मोंझा शहराने २००४ साली आणि रोमने २००५ साली गोल भांड्यात गोल्डफिश ठेवण्यास बंदी केली. आपल्याकडेही केंद्र सरकारने २०१७ साली शोभेच्या माशांची दुकाने व मत्स्यालये यांच्यासाठी नियम काढले होते आणि त्यांत गोल भांड्यांना मनाई होती. पुढच्याच वर्षी ते मागे घेण्यात आले. नियम येतील आणि जातील. टेबलावरच्या भांड्यात गोल्डफिश वर्ष-दोन वर्षांत संपतो आणि तेवढेच त्याचे आयुष्य, असे आपण धरून चालतो. इंग्लंडमध्ये १९५६ साली जत्रेत बक्षीस म्हणून मिळालेला एक गोल्डफिश १९९९ पर्यंत, म्हणजे त्रेचाळीस वर्षे जगला! तेव्हा तीस रुपयांत आपण काय विकत घेतो, याचा एकदा विचार करावा. एका जिवाची कदाचित दहा-वीस वर्षे आपण नावावर करून घेतो.

शतपथ ब्राह्मणात मनूची कथा आहे. सकाळी हात धुताना त्याच्या ओंजळीत एक इवला मासा आला आणि म्हणाला, की मला सांभाळ, लहान आहे तोवर मोठे मासे मला गिळतील. मनूने त्याला घटात ठेवले. मासा वाढला, तेव्हा खड्डा खणून त्यात ठेवले. आणखी वाढला, तेव्हा त्याला समुद्रात नेऊन सोडले. पुढे प्रलय आला आणि त्याच माशाने मनूची नौका तारली, म्हणून ती कथा आपण सांगतो. मला मात्र तिच्यातला आधीचा भाग मोलाचा वाटतो. घट लहान पडला तेव्हा मनूने माशाला दोष दिला नाही. त्याने मोठी जागा शोधली. माशाच्या मापाने मनू आपले काम वाढवीत गेला. आपण बहुधा उलटे करतो. घट ठरलेला असतो, आणि मासा त्यात मावावा अशी आपली अपेक्षा असते. मुलांच्या बाबतीत, म्हाताऱ्यांच्या बाबतीतही.

शेजारच्या गृहस्थांना मी अखेर काय उत्तर दिले, असे कोणी विचारील. दुसरा मासा आणता येईल, भाऊ, पण तो दुसरा असेल. शब्द दिला होता तो याला, एवढेच मी म्हणालो. त्यांना ते पटले की नाही कोण जाणे. पण गेल्या पंधरवड्यात त्यांचा नातू आमच्याकडे येऊन विचारून गेला, की दिवाळीत त्याच्या घरी पेटी आणायची म्हणतात, तर मासे किती आणावे. मी त्याला सांगितले, की दिवाळीला नुसती पेटी आण. पाणी भर, झाडे लाव, पंप चालू ठेव, आणि रोज कणभर अन्न टाकून जंतूंना येऊ दे. मासे तुळशीचे लग्न होऊन गेल्यावर बघू, आणि तेही दोनच. त्याचे तोंड एवढेसे झाले. "म्हणजे दिवाळीभर आम्ही नुसतं पाणी पाहायचं?" तो म्हणाला.

होय, नुसते पाणी पाहायचे. एवढा धीर ज्याला निघाला, त्याच्या हाती मासे द्यायला माझी हरकत नाही.